लॉगिन आणि पासवर्डची सेटिंग्ज: कोणत्या रकान्यात काय भरावं आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. काहीशे वापरकर्त्यांची खाती असलेली एक यंत्रणा नव्याने तुमच्या हाती आली आहे. सेटिंगच्या पानावर पासवर्डची किमान लांबी, अंक-चिन्हांची सक्ती, पासवर्डची मुदत, चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा, लॉकआउटचा (चुकांनंतर खातं बंद राहण्याचा) वेळ, सेशनचा (एकदा केलेलं लॉगिन टिकण्याचा) वेळ आणि दुहेरी पडताळणी असे रकाने आहेत. वरिष्ठ म्हणतात, सगळं जास्तीत जास्त कडक करून टाका. तुम्हाला प्रत्येक रकान्यात नेमकं काय भरायचं ते हवंय.

आकडे देतोच. पण त्याआधी प्रत्येक रकान्यासमोर स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: या सेटिंगमुळे नेमका कोणता हल्ला अडतो? खात्यांवर होणारे बहुतेक हल्ले चार प्रकारचे असतात. दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून गळालेली नाव-पासवर्डची जोडी तुमच्याकडे वापरून बघणं. 'बरेच जण वापरतात' असा एकच पासवर्ड सगळ्या खात्यांवर फिरवून बघणं. खोट्या लॉगिन पानावर माणसाकडूनच पासवर्ड काढून घेणं. आणि पासवर्डचा डेटाबेसच चोरून नेऊन निवांतपणे फोडत बसणं. जे सेटिंग यातलं काहीच अडवत नाही, ते कितीही कडक दिसलं तरी त्याचा ताप फक्त तुमच्या वापरकर्त्यांना होतो. आणि तापलेला वापरकर्ता पळवाट शोधतो.

लांबीपासून सुरुवात करू, कारण खरं बळ तिथे आहे. फक्त लहान इंग्रजी अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घेतला तर एकूण शक्यता होतात साधारण २०९ अब्ज. डेटाबेस चोरीला गेला आणि त्यात पासवर्ड एमडी५सारख्या जलद पद्धतीने हॅश करून (म्हणजे पासवर्डवरून उलट न फिरवता येणारी चिन्हांची ओळ काढून) साठवलेले असले, तर एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०० अब्जांहून जास्त शक्यता तपासतं. म्हणजे दोन-तीन सेकंदांत खेळ संपला. तीच लहान अक्षरं, पण यदृच्छया निवडलेली पंधरा घ्या. त्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला ५०० वर्षांहून जास्त लागतील. एकही चिन्ह नाही, एकही मोठं अक्षर नाही, तरीही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या ऑगस्ट २०२५च्या मार्गदर्शक सूचनाही हेच धरून आहेत: पासवर्ड हा एकटाच पुरावा असेल तर किमान १५ अक्षरं, आणि सोबत दुसरा घटक (दुहेरी पडताळणीतला कोड किंवा किल्ली) असेल तर किमान ८. मी स्वतः दुसरा घटक असला तरी १२च्या खाली जात नाही. अ‍ॅडमिन खात्यांना १५.

आता अंक, मोठं अक्षर आणि चिन्ह यांची सक्ती. ती बंद करा. इथे वरिष्ठांशी वाद होईल, म्हणून पार्श्वभूमी सांगतो. या नियमांचा उगम बऱ्याच अंशी एनआयएसटीच्याच २००३ सालच्या दस्तऐवजाच्या एका परिशिष्टात आहे. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा त्यांना पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने ही सक्ती नको असं लिहिलं. कारण सरळ आहे. सक्ती केली की लोक पहिलं अक्षर मोठं करतात, शेवटी १ किंवा चालू साल लावतात, आणि चिन्ह मागितलं तर उद्गारचिन्ह ठेवतात. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या नियमावलीत या सवयी सर्वात आधी येतात. म्हणजे नियम पाळला गेला, हिरवी खूण दिसली, आणि पासवर्ड पहिल्या काही हजार अंदाजांतच राहिला.

सक्तीच्या जागी जे हवं ते म्हणजे नकारयादी, म्हणजे चालणार नाहीत अशा पासवर्डची यादी. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३.२ कोटी पासवर्ड उघड्या स्वरूपात बाहेर आले आणि तेव्हापासून लोक खरोखर काय निवडतात हे हल्लेखोरांना नीट ठाऊक आहे. नवा पासवर्ड ठेवताना तो आधी गळालेल्यांपैकी आहे का हे तपासा. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांची 'पॉन्ड पासवर्ड्स' ही सेवा यासाठी वापरता येते आणि तिची रचना मला फार आवडते: पासवर्ड बाहेर जातच नाही. तुमचा सर्व्हर पासवर्डचा एसएचए-१ हॅश काढतो, त्याची फक्त पहिली पाच चिन्हं पाठवतो, त्या पाच चिन्हांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात आणि जुळवणी तुमच्याच बाजूला होते. बाहेर विचारायचंच नसेल तर संपूर्ण यादी उतरवून घेता येते. या यादीत तुमच्या संस्थेचं नाव, उत्पादनांची नावं, वापरकर्त्याचं लॉगिन नाव आणि ऋतू-महिने-साल यांच्या जोड्या स्वतः घाला. बाहेरच्या यादीत तुमच्या संस्थेचं नाव असेलच असं नाही, पण तुमच्यावर टपलेल्या माणसाला ते पहिलं सुचतं.

पासवर्ड नाकारताना कारण स्पष्ट सांगा. 'पासवर्ड अवैध' एवढंच दाखवलं तर माणूस त्याच पासवर्डला शेवटी एक अंक जोडून पाहतो. 'हा पासवर्ड आधी गळालेल्या यादीत आहे, पूर्णपणे वेगळा निवडा' असं लिहिलं तर बहुतेक जण ऐकतात.

कमाल लांबीची मर्यादा ६४ अक्षरं किंवा त्याहून जास्त ठेवा आणि पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करायला मोकळीक द्या. पेस्ट बंद करणं म्हणजे पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्याला शिक्षा. पासवर्ड बघण्यासाठीचं डोळ्याचं बटणही असू द्या, लांब पासवर्ड मोबाइलवर टाइप करताना त्याची गरज पडते. तुमच्या यंत्रणेत पासवर्ड हॅश करायला बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ ठेवलेली पद्धत वापरली असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. बीक्रिप्ट पहिल्या ७२ बाइटपुढचं वाचत नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटचं असतं, पण यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'क्षि' हे दिसायला एक अक्षर असलं तरी त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. अशी सहा अक्षरं झाली की मर्यादा संपली. पुढे काय लिहिलं याला काहीच अर्थ राहत नाही आणि वापरकर्त्याला ते कळतही नाही. मराठीतून लांब वाक्य पासवर्ड म्हणून ठेवायला लोकांना उत्तेजन द्यायचं असेल, आणि ते द्यावंच, तर आर्गॉन२आयडी ही ७२ बाइटची मर्यादा नसलेली हॅशची पद्धत वापरा. शिवाय हॅश काढण्याआधी युनिकोडचं सामान्यीकरण करा, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणा. नाहीतर फोनच्या कीबोर्डने नुक्त्याचं अक्षर एका पद्धतीने पाठवलं आणि संगणकाने दुसऱ्या, तर अचूक टाइप करूनही 'पासवर्ड चुकीचा' असंच उत्तर येत राहतं.

मुदत. दर ३०, ६० किंवा ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या बंद झालेल्या १० हजारांहून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड अभ्यासले. आधीचा पासवर्ड माहीत असेल तर चोरलेल्या डेटाबेसवर पुढचा पासवर्ड ४१ टक्के वेळा काही सेकंदांत सापडत होता, आणि १७ टक्के खात्यांत पाच अंदाजही लागत नव्हते. लोक नवा पासवर्ड बनवत नाहीत, जुन्याचा आकडा पुढे सरकवतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या शिफारस केलेल्या विंडोज सेटिंग्जमधून मुदतीचा नियम काढून टाकला. तरीही विंडोजच्या डोमेनचं (संस्थेतले संगणक आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं) मूळ धोरण अजून ४२ दिवसांचं आहे, तेव्हा ते मुद्दाम जाऊन बदलावं लागतं. पासवर्ड बदलायला लावायचा तो कारण घडल्यावर: गळती झाल्याची शंका, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन, सामायिक खातं वापरणारा माणूस संस्था सोडून जाणं. अशा वेळी मात्र त्याच दिवशी.

एक अपवाद सांगायलाच हवा. कार्ड व्यवहारांसाठीचं पीसीआय डीएसएस मानक तुम्हाला लागू असेल, तर त्याची चौथी आवृत्ती किमान १२ अक्षरं मागते, आणि पासवर्ड हा एकटाच घटक असेल तिथे ९० दिवसांची मुदत सुचवते. दुसरा घटक लावला की तो मुद्दा सुटतो. ऑडिट करणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा हा रस्ता सोपा आहे. मुदत ठेवावीच लागली तर 'किमान वय', म्हणजे बदललेला पासवर्ड पुन्हा बदलण्याआधी जाऊ द्यायचा वेळ, एक दिवस ठेवा. ते शून्य असेल आणि जुने चोवीस पासवर्ड पुन्हा न वापरण्याचा नियम असेल, तर माणूस दहा मिनिटांत पासवर्ड चोवीस वेळा बदलून पुन्हा मूळ पासवर्डवर येतो, आणि जुन्या चोवीसांची नोंद ठेवण्याचा उद्देशच संपतो.

लॉकआउटवर जरा थांबू, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होताना मी पाहिलं आहे. 'तीन चुका, मग खातं बंद, अ‍ॅडमिन उघडेपर्यंत' हे सेटिंग ऐकायला भक्कम वाटतं. प्रत्यक्षात ते बाहेरच्या कुणालाही एक हत्यार देतं. मला तुमच्या कर्मचाऱ्यांची लॉगिन नावं माहीत असतील, आणि ती बहुधा ईमेल पत्त्यांवरून कळतातच, तर प्रत्येकी तीन चुकीचे पासवर्ड टाकून मी सकाळी अख्खी संस्था बाहेर ठेवू शकतो. पासवर्ड एकही न ओळखता. आणि जो हल्लेखोर एकच पासवर्ड शेकडो खात्यांवर एकेकदा फिरवतो, त्याला ही मर्यादा लागूच होत नाही, कारण प्रत्येक खात्यावर त्याची एकच चूक नोंदली जाते.

हिशेब मांडून बघा. दहा चुकांनंतर पंधरा मिनिटं थांबायला लावलं तर एका खात्यावर दिवसाला ९६० अंदाज होतात, वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. पासवर्ड नकारयादीतून पार झालेला आणि पंधरा अक्षरी असेल तर साडेतीन लाख अंदाजांनी काहीही होत नाही. तो कमकुवत असेल तर पहिले तीनसुद्धा पुरतात. म्हणून मी दहा चुका आणि पंधरा मिनिटं असं ठेवतो, आणि सोबत प्रत्येक चुकीनंतर उत्तर थोडं थोडं उशिरा द्यायला लावतो. पीसीआयच्या कक्षेत असाल तर दहा चुका चालतात, पण वेळ किमान तीस मिनिटं लागेल. एनआयएसटीची वरची मर्यादा सलग १०० चुकांची आहे, त्यानंतर तो पासवर्ड चालू ठेवू नये. खात्यागणिक मोजणी पुरत नाही. एकाच इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून किती वेगवेगळ्या खात्यांवर चुका झाल्या, आणि सगळ्या यंत्रणेत मिळून तासाला किती चुका होताहेत, हे दोन आकडे नजरेसमोर ठेवा. एरवी तासाला वीस-पंचवीस चुका होणाऱ्या यंत्रणेत अचानक दोन हजार झाल्या, तर खातं एकही लॉक झालेलं नसलं तरी हल्ला सुरू आहे.

शून्याबद्दल सावध राहा. विंडोजमध्ये चुकांच्या मर्यादेत शून्य भरलं तर खातं कधीच लॉक होत नाही, आणि डोमेनच्या मूळ धोरणात तेच शून्य असतं. लॉकआउटच्या वेळेत मात्र शून्याचा अर्थ उलटा: अ‍ॅडमिनने उघडेपर्यंत बंद. लिनक्सवर लॉकआउट सांभाळणाऱ्या फेललॉकमध्येही उघडण्याची वेळ शून्य म्हणजे आपोआप कधीच उघडायचं नाही. मूळ सेटिंग तीन चुका आणि दहा मिनिटांचं आहे. रूट या सर्वाधिकारी खात्याला लॉकआउट लावण्याचा पर्याय तिथे वेगळा आहे. तो सुरू करण्याआधी सर्व्हरवर दुसऱ्या मार्गाने पोहोचता येतंय याची खात्री करा.

कुणाचं खातं पुन्हा पुन्हा लॉक होत असेल तर लगेच हल्ला समजू नका. बऱ्याचदा पासवर्ड बदललेला असतो आणि जुना पासवर्ड फोनच्या मेलमध्ये, एखाद्या जोडलेल्या ड्राइव्हमध्ये किंवा रात्री चालणाऱ्या एखाद्या कामात जपून राहिलेला असतो. ते यंत्र बिचारं दर काही मिनिटांनी जुनाच पासवर्ड पाठवत बसतं.

आता दुहेरी पडताळणी. वरच्या सगळ्या रकान्यांपेक्षा या एका रकान्याने जास्त फरक पडतो, तेव्हा वरिष्ठांकडे आग्रह धरायचा तर तो इथे धरा. गूगलने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एसएमएसने येणाऱ्या कोडने स्वयंचलित हल्ले १०० टक्के, घाऊक फिशिंग ९६ टक्के आणि नेमक्या माणसावर केलेले हल्ले ७६ टक्के अडवले. सुरक्षा किल्लीने (लॉगिनसाठी जोडायच्या छोट्या उपकरणाने) तिन्ही १०० टक्के. म्हणजे एसएमएस निरुपयोगी नाही, काहीच नसण्यापेक्षा खूप चांगला आहे, पण सिम दुसऱ्याच्या नावावर वळवून घेणाऱ्यापुढे तो टिकत नाही. अ‍ॅपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड त्याहून बरा. तो लावताना सर्व्हरचं घड्याळ नेहमी जुळलेलं राहील याची व्यवस्था करा, नाहीतर एका सकाळी सगळ्यांचेच कोड चुकीचे ठरतील. आणि एकदा वापरलेला कोड त्याच तीस सेकंदांत पुन्हा स्वीकारला जाणार नाही हे तपासा.

खोट्या पानासमोर मात्र हे दोन्ही कोड हरतात, कारण माणूस पासवर्डसोबत कोडही तिथेच टाइप करतो आणि मधला हल्लेखोर तो लगेच खऱ्या पानावर वापरतो. पासकी (फोन किंवा संगणकात जपलेली, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) आणि सुरक्षा किल्ल्या वेगळ्या आहेत. त्यांची डिजिटल सही खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पान खोटं असेल तर ब्राउझर सही देतच नाही, माणूस कितीही फसलेला असो. म्हणून अ‍ॅडमिन, हिशेब आणि मनुष्यबळ विभागाची खाती आधी पासकीवर न्या, प्रत्येकी दोन नोंदवून. बाकीच्यांना अ‍ॅपचा कोड. 'मंजूर करा' असं विचारणारी फोनवरची सूचना वापरत असाल तर पडद्यावरचा आकडा फोनमध्ये भरायला लावणारा पर्याय सुरू ठेवा. २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटदाराला मंजुरीच्या विनंत्या पाठवत राहून शेवटी एक मंजूर करून घेतली होती.

सेटिंगच्या पानावर ज्याचा रकाना नसतो अशी गोष्ट म्हणजे 'पासवर्ड विसरलात?'. पुढच्या दाराला तीन कुलपं लावली आणि मागचं दार कडीवर राहिलं, तर येणारा मागूनच येतो. सुरक्षा-प्रश्न काढून टाका. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नेत्या सारा पेलिन यांचं याहू मेल खातं असंच उघडलं गेलं: प्रश्नांची उत्तरं सार्वजनिक माहितीत होती. २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आवडत्या खाद्यपदार्थाचं उत्तर एकाच अंदाजात सुमारे २० टक्के वेळा बरोबर येतं. त्याऐवजी नोंदवलेल्या ईमेलवर एकदाच चालणारी लिंक पाठवा. तिच्यातला टोकन (गुप्त कोड) लांब आणि यदृच्छ असावा, वीस-तीस मिनिटांत संपावा, आणि डेटाबेसमध्ये तोही हॅश करून ठेवावा. विनंती करणाऱ्याला उत्तर नेहमी एकच द्या, खातं असो वा नसो, नाहीतर कोणाची खाती तुमच्याकडे आहेत याची यादी फुकट मिळते. पासवर्ड बदलला की दुसरा घटक आपोआप निघून जात असेल तर ती चूक आधी दुरुस्त करा. आणि हेल्पडेस्कला लेखी नियम द्या: फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवून दुसरा घटक काढायचा नाही, संस्थेच्या नोंदीतल्या क्रमांकावर उलट फोन करायचा किंवा त्या व्यक्तीच्या वरिष्ठाकडून खात्री करायची. घाईत असलेल्या, चिडलेल्या माणसाला 'थांबा' म्हणण्याचं बळ हेल्पडेस्कवरच्या नवख्या मुलाला या कागदातून मिळतं.

सेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अ‍ॅडमिनच्या पानांना पंधरा मिनिटं निष्क्रियतेची मर्यादा, साध्या वापरकर्त्याला कामाच्या दिवसभर. लॉगिन झाल्यावर सेशनचा क्रमांक नवा द्यावा, आणि पासवर्ड बदलल्यावर बाकीची सगळी सेशन्स बंद व्हावीत. पासवर्ड किंवा ईमेल बदलण्याआधी चालू पासवर्ड पुन्हा विचारा.

पासवर्ड कसे साठवले जातात हे विकासकांना विचाराच. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून बाहेर आलेले ६५ लाख हॅश सॉल्टविना (प्रत्येक पासवर्डला वेगळी यदृच्छ भर न जोडता काढलेले) एसएचए-१चे होते, म्हणून ते भराभर फुटले. आर्गॉन२आयडी, किंवा कॉस्ट (हॅश किती संथ करायचा तो आकडा) किमान १० असलेलं बीक्रिप्ट, एवढं ऐकायला मिळालं पाहिजे. 'एन्क्रिप्ट करून ठेवतो' असं उत्तर आलं तर पुढे खणा, कारण किल्ली मिळाली की एन्क्रिप्ट केलेलं सगळं उलगडतं.

मग खात्यांची यादी काढा आणि ९० दिवसांत न वापरलेली खाती बंद करा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून संस्थेच्या नेटवर्कला जोडण्याच्या) खात्यातून. त्याला दुहेरी पडताळणी नव्हती. त्या एका खात्यापायी इंधनाची मोठी वाहिनी काही दिवस थांबली.

हे सगळं एका दिवसात लावू नका. आधी अ‍ॅडमिन खात्यांना दुसरा घटक. त्यानंतर रीसेटचा मार्ग. मग नकारयादी आणि नवी लांबी, पण ती पुढच्या बदलापासून लागू करा, सगळ्यांना एकाच सकाळी पासवर्ड बदलायला लावू नका. नकारयादी नीट चालते आहे हे दिसल्यावर जुनी मुदत काढा, आधी नाही. अडचणीच्या वेळेसाठी एक वेगळं अ‍ॅडमिन खातं ठेवा, त्याचा लांब पासवर्ड आणि एक सुरक्षा किल्ली तिजोरीत, आणि त्या खात्यावर लॉगिन झालं की दोन जणांना लगेच सूचना जाईल अशी व्यवस्था. सेटिंग सेव्ह करताना दुसऱ्या ब्राउझरमध्ये अ‍ॅडमिनचं एक सेशन उघडं राहू द्या, तिसऱ्या ठिकाणाहून नव्याने लॉगिन करून बघा, आणि ते झाल्यावरच पहिलं सेशन बंद करा.